दम धर

सकाळी सहा. शेजारचा माग सुरू व्हायच्या आत
नळीत एक फुंकर.
लाल खूण सरकते: चारशे दहा.
वहीत लिहिते. तारीख, आकडा, आणि शेरा:
काही नाही.

वही जुनीच. मागून नान्नाचा सुताचा हिशेब,
दोन पोती, उधार.
पुढून माझी हवा.

तपासणी पुण्याला, अकरा दिवसांनी.
डोळे, कान, रक्त, छातीचा फोटो,
आणि ते यंत्र, ज्यात म्हणे
पोटाच्या तळाची फुंकरसुद्धा मोजतात.
हत्तुरे मॅडमनी माझी फाईल शोधून दिली,
कडा वाळवीने खाल्लेल्या.
वय सहा. वय सात. वय नऊ, तीनदा.
वय बारा, गड्ड्यातून थेट दवाखान्यात.

तो गड्डा आठवतो.
होम मैदानाची धूळ पार दिव्यांपर्यंत चढलेली,
आकाशपाळणा वर नेऊन थांबवला
आणि ओला टॉवेल पिळावा तशी
कुणीतरी माझी छाती पिळली.
खाली अख्खं सोलापूर लखलखत होतं,
मला त्यातली चमचाभर हवा मिळेना.
"दम धर," अम्मा म्हणाली.
घरात आम्ही तेलुगू बोलतो,
पण हे दोन शब्द तिने कायम मराठीतच ठेवले,
दवाखान्यातून आणलेल्या बाटलीसारखे.
मी दम धरला. आणि पाळण्याचा गार दांडा.
खरं सांगू? तेव्हाही मला
वरून खाली बघायचंच होतं.

संध्याकाळी होटगी रोडला पळते.
कारखान्याची चिमणी होती तिथे आता नुसतं आभाळ;
विमानांना आडवी येते म्हणून पाडली.
लहानपणी मला कळायचं नाही,
चिमणी आहे, तर उडत का नाही?

फॉर्मवर एक ओळ आहे.
दमा, धाप, पूर्वी कधी?
होय. नाही.
दोन चौकोन, तुरीच्या डाळीएवढे.
क्लबातला सीनियर फोनवर हसला,
"नाही टाक गं. पाच वर्षांत पंप लागला नाही ना?
तुझ्या फुफ्फुसावर लिहिलंय का कुठे?"

लिहिलं असेलही.
माझी झोळी मागापासून चार हातांवर बांधलेली,
सूत उडायचं, पापण्यांवर बसायचं.
नान्नाच्या पापण्या अजून पांढऱ्या आहेत.

तो जॅकार्डचं कार्ड ठोकत बसला होता.
भोक म्हणजे दोरा वर,
भोक नाही म्हणजे दोरा खाली.
मोराच्या तुऱ्यापासून नखापर्यंत
एवढंच असतं सगळं.
मी काही विचारलं नाही,
फॉर्म त्याच्या ठोकळ्याशेजारी ठेवला.
चश्मा वर सारून त्याने इंग्रजी अक्षरं जुळवली,
उठला, कपाटावरून एक चादर काढली.
एक भोक जास्त पडलं होतं, म्हणाला,
तू झालीस त्या वर्षी.
दीडशे विणून झाल्यावर दिसलं:
दीडशे मोर, प्रत्येकाला तीन पाय.
"मग?"
"खपल्या की. हैदराबादच्या शेठला पत्ताच नाही."
"मग ही का ठेवलीस?"
त्याने पुढचं कार्ड घेतलं.
ठक. ठक.

होयवर खूण केली.
पेन अडखळलं, म्हणून पुन्हा गिरवली.
सोबत फाईल, मॅडमचं पत्र,
आणि वहीची चौऱ्याण्णव दिवसांची झेरॉक्स,
ज्यात एका पानावर मागचा सुताचा हिशेब
उलटा उमटलाय. तो तसाच राहू दिला.
नाकारतील कदाचित. कदाचित जिन्यावरून पळवतील,
पुन्हा फुंकायला लावतील.

आज हुतात्मा पकडायची.
पाचलाच उठून फुंकले: तीनशे सत्तर.
पुन्हा: तीनशे ऐंशी.
शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिते:
भीती असावी.
नान्नाने चादर बॅगेत कोंबली आहे,
डब्यात एसी फार असतो म्हणून.
अम्मा दारात उभी,
काहीतरी म्हणायला तोंड उघडते
आणि नुसताच श्वास घेते.